कपडेपटातले काका

विरारला राहून नाटकात पोट भरणाऱ्या माणसाला दोन वेळापत्रकं सांभाळावी लागतात. एक वर्तमानपत्रात येणाऱ्या नाटकांच्या जाहिरातींचं आणि दुसरं लोकलचं. दादरच्या शिवाजी मंदिरला दुपारी चारचा प्रयोग असेल तर नेपथ्यवाली मंडळी सकाळीच दादरला उतरतात, कपडेपटवाल्याने एक वाजेपर्यंत तरी पोचायला हवं. रात्री साडेआठचा प्रयोग असेल तर पडदा पडतो साडेअकराच्या सुमाराला. मग कपडे मोजून ट्रंकेत, ट्रंका टेम्पोत आणि माणूस शेवटच्या विरार गाडीत. बसायला जागा असलेली विरार लोकल पाहायची ती वेळ. आमच्या इमारतीतल्या काकांनी ती वर्षानुवर्षं पाहिली.

फुलपाड्याच्या आमच्या इमारतीत त्यांना सगळे काकाच म्हणत. नाटकाच्या बसमध्येही ते काकाच होते. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. हयातभर ज्या नाटकांचे कपडे त्यांनी सांभाळले, त्यांच्या जाहिरातीत ते नाव कधी छापून आलं नाही. आता ते छापायचं की नाही हे काकींनी आणि मुलाने ठरवायचं.

त्यांचं मूळ गाव कणकवलीजवळ. वडील परळच्या गिरणीत होते, मग काकाही तिथेच लागले. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तो कधी मिटलाच नाही. परळच्या दामोदर हॉलमध्ये कामगारांची नाटकं होत. तिथे पडदा ओढायला, सामान उचलायला काका आधीपासून हौसेने जात. संपात ती हौसच रोजगार झाली. सामान वाहता वाहता कुणीतरी हातात इस्त्री दिली, आणि पुढे ती इस्त्री सुटली नाही. परळची खोली भावाकडे राहिली, काका लग्न करून विरारला आले. गिरणगावातली कितीतरी कुटुंबं अशीच विरार-नालासोपाऱ्याकडे सरकली. आमच्या इमारतीत अर्ध्या घरांतून गणपतीत मालवणी ऐकू येते, ती त्यामुळेच.

कपडेपट सांभाळणं म्हणजे काय, हे प्रेक्षागृहात बसून कळत नाही. आमच्या हौशी संस्थेने राज्य नाट्य स्पर्धेसाठी नाटक बसवलं तेव्हा काका दोन संध्याकाळ आमच्याकडे येऊन बसले होते, पैसे न घेता. त्यांनी आम्हाला धोतर शिवून कसं घ्यायचं ते दाखवलं, म्हणजे नटाला ते पायजम्यासारखं चढवता येतं. नऊवारीच्या काष्ट्याला हुक कुठे लावायचे, सदऱ्याची बटणं वरवर दिसती ठेवून आत वेल्क्रो कसा शिवायचा, हेही दाखवलं. दोन प्रवेशांमध्ये रंगमंचावर अंधार होतो, तेवढ्यात नटीला साडी बदलून दुसऱ्या बाजूने यायचं असतं. त्या वेळी काका विंगेत दातांत टॉर्च धरून उभे असत, एका हातात पिना, दुसऱ्या हातावर पदर. प्रेक्षक पार्श्वसंगीत ऐकत असतात आणि इकडे एका माणसाचे हात वाऱ्यासारखे चालत असतात. दिवे येतात तेव्हा साडी बदललेली असते. त्याला टाळी मिळत नाही, मिळण्याची कुणाची अपेक्षाही नसते. ते काम चुकलं तरच लोकांच्या लक्षात येतं.

पैसे मिळत नाईटप्रमाणे. प्रयोग झाला तर नाईट, नाही झाला तर नाही. पावसामुळे, परीक्षांमुळे, नटाच्या शूटिंगमुळे प्रयोग रद्द होतच असत आणि काकींचं घर त्या हिशेबाने चालत असे. दिवाळीनंतर चांगले दिवस, आषाढात हात आखडता. पण सगळीच्या सगळी नाट्यगृहं एका रात्रीत बंद होतील, ही गोष्ट कुणाच्याच हिशेबात नव्हती.

१३ मार्च २०२० हा शुक्रवार होता. राज्य सरकारने १८९७ चा साथरोग कायदा लागू केला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर इथली नाट्यगृहं मध्यरात्रीपासून बंद केली. हा कायदा मुंबईतल्या प्लेगच्या साथीसाठी इंग्रजांनी केलेला. सव्वाशे वर्षांनी तोच मराठी नाटकाच्या दारावर येऊन उभा राहिला. आदल्याच दिवशी, १२ मार्चला, न्यूयॉर्कमधल्या ब्रॉडवेची सगळी नाट्यगृहं बंद झाली होती. शनिवार-रविवार हे नाटकाचे कमाईचे दिवस. त्या आठवड्यात काकांचे तीन प्रयोग लागलेले होते. मी जिन्यात विचारलं तेव्हा म्हणाले, “पंधरा दिसांचो प्रश्न आसा, बाय. कपडे गोडाऊनात सुके ठेवून इलंय.”

मग २२ मार्चचा जनता कर्फ्यू झाला आणि त्याला जोडूनच लोकल थांबल्या. विरार स्टेशनावर शांतता म्हणजे काय, हे आम्ही पहिल्यांदा ऐकलं. २५ मार्चला देशभर टाळेबंदी सुरू झाली, तो गुढीपाडव्याचा दिवस होता. पाडव्याला नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी येऊन चैत्रातल्या जत्रांच्या सुपाऱ्या देतात. फडमालकांनी वर्षभराची कर्जं त्या सुपाऱ्यांच्या भरवशावर काढलेली असतात. त्या पाडव्याला कुणी आलं नाही. सांगलीतून मार्चअखेर सुरू व्हायचं शंभरावं मराठी नाट्यसंमेलनही थांबलं. काकांच्या गावाकडे दशावताराचे उरलेसुरले खेळ बंद झाले. ते रोज फोनवर कुणा ना कुणाला विचारत, तुमच्याकडे काय? सगळीकडून उत्तर एकच येई.

त्या काळात ज्यांच्याकडे काही होतं त्यांनी दिलं, हे मी आवर्जून लिहिते. काही निर्मात्यांनी आणि नटांनी आपल्या पडद्यामागच्या माणसांना स्वतःच्या खिशातून पैसे पाठवले. संघटनांनी धान्य पोचवलं. काकांकडेही तांदूळ, डाळ, तेल आलं, आणि ते घेताना त्यांचा चेहरा मी पाहिला आहे. मदत घेण्याची त्यांना लाज नव्हती, पण हात रिकामे असण्याची सवय नव्हती. त्यांनी दारावर पाटी लावली, इस्त्री करून मिळेल. मात्र ऑफिसंच बंद, तर शर्टाला इस्त्री कोण करून घेणार? मग त्यांनी मास्क शिवायला घेतले. घरात उरलेलं सुती अस्तर होतं, जुनी मशीन होती. त्यांचे मास्क अंगासरशी बसत, नाकाशी घडी घेतलेली असे. आमच्या शाळेतल्या बहुतेक शिक्षकांनी तेच वापरले. माझ्याकडे अजून दोन आहेत.

काकांना खरी चिंता होती कपड्यांची. नाटक बंद पडलं तरी नाटकाचं सामान कुठेतरी असतंच, आणि त्याचं भाडं चढत असतं. गोडाऊनमध्ये नेपथ्याचे फ्लॅट एकमेकांना टेकवून ठेवलेले, त्यांच्या मागे ट्रंका. जून उजाडला, पाऊस लागला. “कपड्यांका वारो लागाक व्हयो, नायतर कुसतले,” हे त्यांनी मला किती वेळा सांगितलं असेल. भरजरी शालूची जर काळी पडते. मखमलीवर बुरशी धरते आणि ती ब्रशने काढली तरी डाग राहतो. घामाचे कपडे धुऊन ठेवले नसतील तर काखेत कापड विरतं. पगड्या पुठ्ठ्याच्या, त्यांना ओल लागली की आकार जातो. डांबरगोळ्या एवढ्याशाच टाकलेल्या, कारण पंधराच दिवसांचा प्रश्न होता. पण विरारहून त्या गोडाऊनपर्यंत जायचं कसं? १५ जूनला लोकल सुरू झाल्या त्या अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी. बाकीच्यांनी एसटी धरायची. जुलैत एसटीही मिळेना, तेव्हा २२ तारखेला नालासोपाऱ्याला संतापलेले प्रवासी रुळांवर उतरले. ज्यांना नोकरीवर बोलावलं होतं, त्यांची ही गत. नाटकातल्या शालूला वारा देण्यासाठी निघालेल्या माणसाला कोण पास देणार?

त्याच जुलैत हृषीकेश जोशींनी ‘मोगरा’ हे नाटक इंटरनेटवरून सादर केलं. अभिनेत्री आपापल्या घरात, प्रेक्षक आपापल्या घरात, आणि प्रयोग त्या क्षणी घडणारा. मी काकांना माझ्या फोनवर त्याची जाहिरात दाखवली. त्यांना मनापासून आनंद झाला. नाटक जिवंत राहिलं पाहिजे, असं ते म्हणाले. मग थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, त्या बायका कपडे आपल्याच कपाटातले घालतात का? मी हो म्हटलं. काकांनी मान हलवली आणि मशीनवर मास्क ओढला. नाटक करायची नवी वाट सापडली होती, आणि त्या वाटेवर नेपथ्य लावणारा, दिवे टांगणारा, पडदा ओढणारा, इस्त्री करणारा कुणीच लागत नव्हता. आपल्या माणसांनी हिमतीने केलेलं ते काम होतं, त्याचं मोल मी कमी करत नाही. फक्त काकांच्या खोलीतून ते कसं दिसलं, एवढंच सांगते.

५ नोव्हेंबर २०२० ला, मराठी रंगभूमी दिनी, नाट्यगृहं निम्म्या आसनांवर उघडायला परवानगी मिळाली. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं, त्याची आठवण म्हणून हा दिवस पाळतात. काकांनी त्या दिवशी घरच्या देव्हाऱ्यातल्या नटराजाला हार घातला. डिसेंबरात प्रशांत दामल्यांनी पुण्यात ‘एका लग्नाची पुढची गोष्ट’चा प्रयोग केला आणि मग हळूहळू मुंबईतही प्रयोग लागू लागले. एक खुर्ची भरलेली, एक रिकामी. दारात ताप मोजायचं यंत्र. रंगपटात प्रत्येकाचा वेगळा ब्रश, प्रयोगानंतर आत येऊन भेटायला बंदी. पण निम्म्या तिकिटांत नाट्यगृहाचं भाडं, पूर्ण टेम्पो आणि पूर्ण नाईट कशी निघणार? निर्मात्यांनी माणसं कमी केली. जिथे कपडेपटाला दोघे असत, तिथे एक.

तो एक काका ठरले, म्हणून त्यांना बोलावणं आलं. पण सामान्य प्रवाशांना लोकल सुरू झाली १ फेब्रुवारी २०२१ ला, तीही ठरावीक वेळांत: सकाळी सातच्या आत, दुपारी बारा ते चार, रात्री नऊनंतर. दुपारच्या प्रयोगाला काका बाराच्या गाडीने जात. प्रयोग सात-साडेसातला संपे. पुढे नऊ वाजेपर्यंत स्टेशनाबाहेर डबा खात बसायचं, मग गाडी. त्या बसण्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. उलट त्या फेब्रुवारीत ते तरुण दिसायला लागले होते. घरी आले की गोष्टी सांगत. ट्रंका उघडल्या तेव्हा दोन नऊवारी वाया गेलेल्या निघाल्या, बाकी वाचल्या. घरी बसून नटमंडळी सुटली होती आणि कोट कुणालाच होत नव्हता. काका शिवताना शिवणीत नेहमी माया ठेवत, ती उसवून त्यांनी प्रत्येकाचा कोट बसवून दिला. एक नट कोट अंगात चढल्यावर त्यांच्या गळ्यात पडला आणि लगेच घाबरून मागे सरला, कारण अंतर ठेवायचं होतं. हे सांगताना काकांचे डोळे भरून आले होते.

तो आनंद दोन महिने टिकला. दुसरी लाट आली, एप्रिलच्या सुरुवातीला नाट्यगृहं पुन्हा बंद झाली.

एप्रिल २०२१ आमच्या वसई-विरारमध्ये कसा गेला, हे इथल्या माणसाला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून कळणार नाही. नालासोपाऱ्यात प्राणवायूअभावी रुग्ण दगावल्याचे आरोप झाले. २३ एप्रिलच्या पहाटे विरार पश्चिमेच्या एका कोविड रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली आणि तिथे उपचार घेणारे किमान १३ जण गेले. त्या पहाटे आमच्या गल्लीत कुणी झोपलं नाही. जीवदानीच्या डोंगराकडे पाहून माणसं हात जोडत होती आणि एकमेकांना फोन करून नावं विचारत होती. रुग्णवाहिकेचा आवाज आला की खिडक्या बंद होत.

काकांना ताप आला तो त्याच आठवड्यात. प्राणवायूचं प्रमाण घसरायला लागलं तेव्हा त्यांचा मुलगा रात्रभर रिक्षाने फिरला. एका ठिकाणी खाट नव्हती, दुसऱ्या ठिकाणी खाट होती पण प्राणवायू नव्हता, तिसऱ्या ठिकाणी आधी भरायची रक्कम अशी सांगितली की ती काकांच्या वर्षभराच्या नाईट्स मिळूनही झाली नसती. शेवटी दूर एका ठिकाणी जागा मिळाली. चौथ्या दिवशी फोन आला. मुलगा एकटा गेला, लांबून पाहिलं आणि परत आला. काकींना शेवटचं दर्शन मिळालं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांना सजवून रंगमंचावर पाठवणाऱ्या माणसाला आम्ही एक धुतलेलं धोतरही नेसवू शकलो नाही. माझ्या मनातून ही गोष्ट जात नाही आणि जावी असं मला वाटतही नाही.

त्या साथीत रंगभूमीने मोठी माणसं गमावली. आशालता वाबगावकर सप्टेंबर २०२० मध्ये साताऱ्यात गेल्या, मालिकेच्या चित्रीकरणात त्यांना संसर्ग झाला होता. ‘मत्स्यगंधा’मधला त्यांचा आवाज ऐकलेल्या पिढीला तो आपल्याच घरातला मृत्यू वाटला. एप्रिल २०२१ मध्ये नागपूरला वीरा साथीदार गेले, ठाण्याला किशोर नांदलस्कर गेले. वृत्तपत्रांत त्यांच्या आठवणी आल्या, यायलाच हव्या होत्या. पण त्याच महिन्यात प्रकाशाचे डबे टांगणारे, बुकिंगच्या खिडकीत बसणारे, टेम्पो चालवणारे, दारावर तिकीट फाडणारे किती गेले, हे कुणी मोजलं? काकांच्या जाण्याची बातमी नाटकवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरली. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. नंतर एका ज्येष्ठ नटाचा काकींना फोन आला आणि ते नुसतेच रडले. काकी म्हणतात, त्या रडण्यानेच मला आधार दिला.

पुढे ९ ऑगस्टला, क्रांतिदिनी, रंगकर्मी रस्त्यावर उतरले. सरकारने लोककलावंतांसाठी एकरकमी ५,००० रुपयांची मदत जाहीर केली. काकींनी मला विचारलं, आमका मिळात काय? कलेच्या क्षेत्रात काम केल्याचा पुरावा जोडायचा होता. आम्ही घर शोधलं. नियुक्तिपत्र नाही, पावती नाही, पगारपत्रक नाही, कारण नाईट हातात रोख मिळे. एका फोटोत नट-नट्या रांगेत उभ्या आहेत आणि कडेला विंगेतून अर्धा हात दिसतो. तो हात काकांचा आहे हे काकी शपथेवर सांगतील. पण अर्जाला अर्धा हात कसा जोडणार?

१५ ऑगस्ट २०२१ ला दोन्ही लसमात्रा घेतलेल्यांना लोकल खुली झाली, तेव्हा नाट्यगृहं बंद होती. नाट्यगृहं २२ ऑक्टोबरला उघडली, पुन्हा निम्म्या आसनांवर. दोन वेळापत्रकं जुळली तेव्हा काका नव्हते. सगळे निर्बंध उठले २ एप्रिल २०२२ ला, त्या दिवशीही पाडवाच होता. मी त्यानंतर बोरिवलीला प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहात नाटक पाहिलं. नायिकेने मधल्या अंधारात साडी बदलली, आणि मला तिचा पुढचा संवाद ऐकूच आला नाही. थांबलेलं शंभरावं नाट्यसंमेलन जानेवारी २०२४ मध्ये पिंपरी-चिंचवडला झालं. रंगभूमी पुन्हा उभी राहिली, हाऊसफुल्लच्या पाट्या लागल्या, याचा मला मनापासून आनंद आहे. काकांनाही झाला असता.

न्यूयॉर्कमध्ये पडद्यामागच्या कामगारांची संघटना १८९३ पासून आहे आणि कपडे सांभाळणाऱ्यांची तिच्यात स्वतंत्र शाखा आहे. दीड वर्ष ब्रॉडवे बंद होता तेव्हा त्यांचेही हाल झाले. पण ती माणसं कुठेतरी नोंदलेली होती. आपल्याकडेही संघटना आहेत, चांगली माणसं आहेत, वेळेला धावणारे नट आहेत. तरी संकट आल्यावर खिशात हात घालणं वेगळं आणि माणसाचं नाव, वय, काम, रक्तगट, बँकेचं खातं, विमा हे सगळं आधीच एका वहीत असणं वेगळं. अशी वही असती तर काकांच्या मुलाला त्या रात्री रक्कम ऐकून मागे फिरावं लागलं नसतं.

म्हणून नाट्यनिर्मात्यांना, नाट्य परिषदेला आणि सरकारच्या सांस्कृतिक खात्याला माझी हात जोडून विनंती आहे. नाईटवर काम करणाऱ्या प्रत्येक माणसाची नोंद करा, त्याला कामाचा कागद द्या, त्याच्या कुटुंबाचा आरोग्य विमा काढा आणि त्याचं नाव नाटकाच्या जाहिरातीत छापा. त्यासाठी तिकिटामागे दहा रुपये वाढवा. विरारहून नाटकाला येणारे आम्ही प्रेक्षक ते देऊ.